प्रमुखाची सही

वाकोल्यातल्या चर्चमागच्या खोलीचं रजिस्टर
इनासकाकांच्या ताब्यात असतं.
चार रकाने : तारीख, वेळ, मंडळाचं नाव,
आणि शेवटचा, अरुंद : प्रमुखाची सही.

तीन वर्षं त्या रकान्यात मीच होते.
हेप्सिबा थोरात. आधी एम.एस्सी., मग पीएच.डी.,
सही तीच, फक्त तिचं शेपूट लांबत गेलेलं.
शुक्रवारी साडेसातला प्रयोगशाळेतून
बोटांना ॲसिटोनचा वास घेऊन यायचे.
पंख्याखालची खुर्ची माझी,
प्रश्न माझे,
उत्तरंही मीच आणलेली, टाचणी लावून.
बाकीचे वह्या उघडायचे.
मला वाटायचं, शिकतायत.

मग ओबेद शिनगारे, कायद्याचा, दुसऱ्या वर्षाचा,
प्रार्थनेनंतर चप्पल शोधता शोधता म्हणाला,
"ताई, तू आजारी पडलीस
तर त्या शुक्रवारी आपण विश्वास ठेवायचा की नाही?"
सगळे हसले.
मी जरा उशिरा हसले.

ठरलं : किल्ली फिरती ठेवायची.
जिच्याकडे, ज्याच्याकडे किल्ली,
त्याचा शुक्रवार.

पहिला ब्लेसिला तुस्कानोचा.
निर्मळहून येताना तिने केळीचं पिल्लू आणलं,
मातीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून.
खोड वाकतं, म्हणाली, पण बाग मरत नाही.
मी मध्येच संदर्भ दुरुस्त केला.
पुन्हा एकदा केला.
तिसऱ्यांदा तिने बोलणं थांबवलं
आणि किल्ली माझ्या मांडीवर ठेवली :
"मग तूच घे."
किल्ली तिच्या मुठीने कोमट झालेली.
त्या रात्री कलिन्याच्या होस्टेलवर
मी टाचण्या काढत बसले,
कागदांना भोकं तशीच राहिली.

लालनुनमावीच्या शुक्रवारी किल्लीच हरवली.
आम्ही नऊ जण जिन्यावर बसलो,
वर-खाली, जागा मिळेल तसे,
पंखा नाही, खुर्ची नाही, पुढची बाजू कुठली तेही कळेना.
डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान उतरायचं,
पोट दिसेल इतकं खाली,
आणि बोलणाऱ्याला थांबावं लागायचं.
अर्धं वाक्य तोंडात धरून.
त्या थांबण्यात दुसरे विचार करत होते,
हे मला तीन वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

मावीचं मराठी म्हणजे मूठभर शब्द,
भाजीवालीकडून आणि आमच्याकडून उचललेले.
विमान गेल्यावर तिने विचारलं,
"प्रभू पाय धुतो.
मग घाण पाणी कोण फेकतो?"

माझ्या फाइलीत हे नव्हतं.
कुणाच्याच वहीत नव्हतं.
ओबेद म्हणाला, यजमानाचा नोकर असेल.
ब्लेसिला म्हणाली, नोकर असता
तर पाय त्यानेच धुतले असते ना.
कुणी म्हणालं, पेत्र, लाजून.
कुणी म्हणालं, ते पाणी अजून तिथेच असेल.
मी काहीच म्हणाले नाही.
न बोलण्याचा सराव नव्हता,
जीभ टाळूला लावून धरावी लागली.

इनासकाका जिना झाडत वरून खाली येत होते.
आम्ही एकेक जण पाय उचलून त्यांना वाट दिली.
ते न थांबता म्हणाले,
"जो शेवटी राहतो तो. आणखी कोण फेकणार?"
आणि खालची पायरी झाडायला लागले.

किल्ली मावीच्या डब्यात सापडली,
लोणच्याच्या तेलाने माखलेली.
दहा वाजले होते. खोली उघडायची गरज उरली नव्हती,
पण रजिस्टर भरावंच लागतं.
त्या अरुंद रकान्यात मावीने सही केली, मिझोत असावी,
तिच्यावर ओबेदने, कडेने ब्लेसिलाने,
मग उरलेल्या पाचांनी, अक्षरं मंडळाच्या नावावर चढली.
काका वैतागले : "अरे, रकाना एकाचा आहे!"
चश्मा वर करून वाचत राहिले मात्र बराच वेळ.

मी मागच्या नळावर होते.
नऊ कप विसळले, दहावा काकांचा,
आणि टबातलं गढूळ पाणी
केळीच्या त्या पिल्लाला ओतलं,
कुंपणाशी कुणीतरी लावून टाकलेल्या.

सही करायची राहिली.